जादाचा रुपया जातो कुठे?

चवथीच्या आधीचा शुक्रवार. म्हापशाच्या बाजारात पाऊल टाकायला जागा नव्हती. एका बाजूला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान मांडून बसलेल्या बायका: कांगलां, घागऱ्यो, कवंडाळ, आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस. तिथं भावावरून हुज्जत चालते, पण हे कुठल्या देशाचं असं कुणी विचारत नाही. पंधरा पावलांवर मखराच्या दिव्यांचं दुकान. तिथं मी आणि माझा चुलतभाऊ एकेक माळ हातात घेऊन उभे. माझ्या हातातली चिनी, 120 रुपये. त्याच्या हातातल्या खोक्यावर तिरंगी पट्टी, 260 रुपये. गेल्या वर्षी आम्ही तिरंगी पट्टीचीच घेतली होती आणि तिसऱ्या दिवशीच्या आरतीला ती अर्धी विझली होती. हे त्यालाही आठवत होतं.

"तरी देशीच घेऊया," तो म्हणाला. "पैसे देशात तरी राहतात."

मागून लोक ढकलत होते, म्हणून वाद तिथं रंगला नाही. पण प्रश्न घरापर्यंत आला. बाहेरची वस्तू चांगली आणि स्वस्त, आपली महाग आणि डावी, तरी आपलीच घ्यावी का? व्हॉट्सअ‍ॅपवर याचं उत्तर एका ओळीत मिळतं, आणि दोन्ही बाजूंचं मिळतं. मला ते तसं देता येत नाही. मी फक्त त्या 140 रुपयांच्या मागे जातो. जादाचे ते पैसे नक्की कुणाला पोचतात, आणि त्यातून काय विकत घेतलं जातं?

आधी खोकं नीट वाचा

देशी म्हणजे काय, इथूनच घोळ सुरू होतो. पुष्कळ जण बारकोडचे पहिले तीन आकडे बघतात: 890 असेल तर भारतीय. हा निव्वळ गैरसमज आहे. 890 चा अर्थ एवढाच, की कंपनीने आपला बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतलाय. माल कंटेनरमधून चीनहून आलेला असला तरी खोक्यावर 890 असू शकतं. बघायचंच तर मूळ देशाचं नाव बघा. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर ते छापावं लागतं, आणि 2020 च्या नियमांपासून ऑनलाइन विकणाऱ्यांनाही दाखवावं लागतं. अक्षर मात्र असं बारीक, की चष्मा पुसून घ्यावा लागतो.

ते वाचूनही सगळं कळत नाही. तिरंगी पट्टीच्या माळेची वायर आणि खोकं इथलं असेल, जोडणी इथली असेल, पण आतला एलईडी बाहेरून आलेला असायची शक्यता बरीच. म्हणजे 260 रुपयांतले काही इथं राहतात, काही जातात. किती, ते खोकं सांगत नाही.

याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे आहे, काजूचं. काजूची बी कारखान्यात येते ती कवचासकट. त्या कवचात तेल असतं, हाताला लागलं तर कातडी जळते. म्हणून बी आधी वाफवायची, मग कटरवर एकेक करून फोडायची, आतला गर भट्टीत सुकवायचा, वरची तांबूस साल काढायची आणि शेवटी प्रतवारी करायची. पाकिटावर डब्ल्यू 320 लिहिलेलं असतं ते हेच: एका पौंडात साधारण 300 ते 320 काजू. आकडा जितका लहान, तितका काजू मोठा. फोडणं-सोलणं हे बहुतेक ठिकाणी बायकांच्या हातचं काम. आता भारतातल्या कारखान्यांना वर्षभर पुरेल इतकी बी भारतात पिकत नाही. निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, बी आफ्रिकेतून येते, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया अशा देशांतून.

मग आयव्हरी कोस्टच्या झाडाची बी इथल्या बाईने फोडून सोलली, तर तो काजू देशी की परदेशी? सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराला विचारा, तो म्हणेल परदेशी, कारण बाहेरची बी आली की त्याच्या बीचा भाव बसतो. फोडणाऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल देशी, कारण बी आली नाही तर तिला घरी बसावं लागतं. दोघंही खरंच बोलतात. "आपल्या माणसाला मदत" म्हणताना कुठल्या आपल्या माणसाला, हे आपण क्वचितच विचारतो.

आणि काजूचं झाड तरी कुठे आपलं? पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणलं. मिरची तिकडचीच, बटाटा तिकडचाच. माटोळीला हौसेनं अननस बांधतात, तोही अमेरिका खंडातला. देशीपण फार खोल खणायला जाऊ नये, खाली अटलांटिक लागतो.

पैसा बाहेर गेला म्हणजे काय झालं

आता चुलतभावाच्या मुद्द्यावर येऊ. माळेचे पैसे चीनला गेले, बरं. पण तिथल्या कारखानदाराला रुपये नको असतात. आपल्या आयातदाराने त्याला बहुधा डॉलर पाठवले. ते डॉलर भारतात आले कुठून? कुणीतरी बाहेर काहीतरी विकलं किंवा बाहेर राबून पैसे घरी पाठवले म्हणून, किंवा कुणी बाहेरून इथं गुंतवले म्हणून. गोव्यात हे समजायला पुस्तक लागत नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून गोळ्या-औषधं परदेशी जातात. गावोगावचे तारवटी जहाजावर राबून डॉलरमधला पगार घरी पाठवतात. हंगामात चार्टर विमानं उतरतात. 2000 नंतरच्या दशकात मांडवी-जुवारी नद्यांतून बार्जींची रांग लागायची, त्यातलं बरंचसं खनिज चीनला चाललेलं. कमी प्रतीचं, एरवी पडून राहिलेलं खनिजसुद्धा त्यांनी उचललं. चिनी पोलाद कारखान्याने तेव्हा "आपल्याच देशाचं खनिज घेऊया" असं ठरवलं असतं, तर साखळी-डिचोलीतल्या कितीतरी ट्रकवाल्यांचे हप्ते थकले असते. (त्या खाणींनी डोंगरांचं आणि शेतांचं काय केलं, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.)

थोडक्यात, बाहेरच्याकडून घेणं आणि बाहेरच्याला विकणं ही एकाच ताजव्याची दोन पारडी. सगळ्या जगाने आपापलंच घ्यायचं ठरवलं, तर पहिला मार बाहेरच्यांना विकून जगणाऱ्या मुलखाला बसतो. तो मुलूख कुठला, हे आपल्याला सांगायला नको.

याचं गणित 1817 साली डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने मांडलं, आणि गंमत म्हणजे उदाहरणाला त्याने पोर्तुगाल घेतला. समजा, ठराविक कापड विणायला इंग्लंडात वर्षभर 100 माणसं लागतात आणि ठराविक वाईन करायला 120. पोर्तुगालात तेच कापड 90 माणसांत होतं आणि तीच वाईन 80 माणसांत. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत सरस. तरीही त्याने इंग्रजी कापड घ्यावं, असं रिकार्डो म्हणतो. का? 80 माणसांच्या मेहनतीची वाईन देऊन त्याला असं कापड मिळतं, ज्याला घरी 90 माणसं खपली असती. दहा माणसांचे श्रम वाचले. इंग्लंडचे वीस वाचले, कारण 100 माणसांचं कापड देऊन 120 माणसांची वाईन मिळाली.

ऐकायला उलटं वाटतं, पण आपण घरी हेच करतो. माझी आत्या मसाला उत्तम करते आणि झाडलोटही तिच्याइतकी लखलखीत कुणी करत नाही. तरी मे महिन्यात मसाल्याच्या ऑर्डरी आल्या की झाडायला ती बाई लावते. केरसुणीत घालवलेला तास तिला मसाल्याच्या भावात महाग पडतो.

इथवर पाहिलं तर चिनी माळ घ्यावी आणि घरी जावं. पण पोर्तुगालची खरी गोष्ट इथं संपत नाही. 1703 च्या मेथुएन तहाने इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचं दार उघडलं. बदल्यात पोर्तुगीज वाईनवर इंग्लंडात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात. वाईन वाढली, कापड मागं पडलं, आणि देण्याघेण्यातली तूट भरायला ब्राझीलचं सोनं इंग्लंडला वाहत गेलं. पुढे इंग्लंड कापडावरून यंत्रांकडे सरकलं. पोर्तुगाल बराच काळ मळ्यातच राहिला. हे तहामुळेच झालं का, यावर इतिहासकारांची भांडणं आहेत. मला त्यातलं एवढं पटतं, की माग चालवता चालवता माणूस यंत्र शिकतो, द्राक्षं खुडताना तितकं शिकत नाही. आणि आजच्या भावात उद्याचं शिकणं धरलेलं नसतं.

दुसरी गोष्ट रिकार्डोच्या गणितात सुटते ती माणसांची. सुटलेली दहा माणसं कागदावर लगेच वाईन करायला लागतात. प्रत्यक्षात माळा जोडणारी बाई पन्नाशीची असेल, तर ती उद्या औषधाच्या कारखान्यात जात नाही. फायदा सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो, मला 140 रुपये, तुम्हाला 140 रुपये. तोटा मात्र एकाच घरावर पडतो. म्हणून फायद्याचा कुणी मोर्चा काढत नाही आणि तोट्याचा निघतो.

शिकवणीची फी

महाग देशी माल घेण्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा हा शिकण्याचाच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात साधारण हेच मांडलं: इंग्लंडला फायद्याचा असलेला खुला व्यापार हिंदुस्थानलाही तसाच्या तसा लागू पडेल असं नाही. त्यांच्याआधी अमेरिकेत अर्थमंत्री हॅमिल्टन आणि जर्मनीत अर्थतज्ज्ञ लिस्ट हेच सांगत होते. रोप लहान असताना कुंपण घाला, एवढाच त्याचा अर्थ. आणि तेव्हा कुंपण तर नव्हतंच, उलट होतं. 1896 पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावरच सरकारने साडेतीन टक्के अबकारी कर बसवला होता, मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचं मन राखायला. 1905 च्या स्वदेशीकडे या संदर्भात पाहावं लागतं. पारडं हाताने दाबलेलं असताना गिऱ्हाइकाने बहिष्कार घालणं हे राजकीय हत्यार होतं, खरेदीचा सल्ला नव्हता. तेव्हाचं "स्वदेशीच घ्या" हे वाक्य उचलून आजच्या मखराच्या माळेला चिकटवलं की अर्थ बदलतो.

त्या काळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पैसा फंडाची. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून 1908 च्या सुमारास तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तिथं काच तर झालीच, पण मुख्य म्हणजे काच कशी करायची ते शिकलेली माणसं तयार झाली आणि इतर कारखान्यांत गेली. लोकांनी दिलेल्या जादाच्या पैशातून काय विकत घेतलं गेलं, याचं उत्तर तिथं स्वच्छ होतं: हातातलं कसब.

आता हीच फी वाया कशी जाते तेही बघा. अ‍ॅम्बेसेडर गाडी 1950 च्या दशकाच्या अखेरीस आली आणि 2014 पर्यंत निघत राहिली. मुळात ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. पन्नासहून जास्त वर्षांत तिचं नाक-डोळे जेमतेम बदलले. बाहेरच्या गाडीवर बंदीवजा जकात, इथं परवाने मोजके, गिऱ्हाईक रांगेत उभं. सुधारायचं कशाला? दुसरीकडे दक्षिण कोरियाने जपानी गाड्या 1999 पर्यंत जवळपास दाराबाहेर ठेवल्या. कुंपण त्यांचंही उंच होतं. पण तिथं सरकार कारखान्यांच्या मागे लागलं होतं, की बाहेर विकून दाखवा. ह्युंदाईची पहिली स्वतःची गाडी 1975 ची, आणि 1986 मध्ये ते अमेरिकेत विकत होते. सुरुवातीला तिथल्या गिऱ्हाइकांनी नावंही ठेवली. त्या गिऱ्हाइकाला कोरियाबद्दल काडीची भावना नव्हती, आणि औषध नेमकं तेच होतं. "आपलं आहे, सांभाळून घ्या" म्हणणारं गिऱ्हाईक कारखान्याला कधीच काही शिकवत नाही.

गोव्याला ही दोन्ही टोकं ठाऊक आहेत, बाकी देशाला नाहीत. 1955 च्या सुमारास भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा इथं माल यायचा थांबला नाही, तो समुद्रातून येऊ लागला. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट, पोर्तुगालची वाईन. माझी आजी त्या बटाट्यांचं वर्णन असं करायची जणू ती फळं होती. जगातला चांगला माल परवडणाऱ्या भावात, आणि पैसे भरायला खनिज आणि मुंबई-आफ्रिकेतून येणाऱ्या मनीऑर्डरी. पण मोठा कारखाना म्हणावा असं इथं फारसं काही उभं राहिलं नाही. विकत घेता येत होतं, करता येत नव्हतं. मग 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि पाठोपाठ परवाना राज्य आलं. आता करता येत होतं, पण जे होत होतं ते घ्यावंच लागत होतं. 1991 च्या आधी आपली कमाल आयात जकात 300 टक्क्यांच्या वर गेली होती. आजोबांनी स्कूटर नोंदवली आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी दिलेल्या फीतून कुणी काय शिकलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

जिथं गिऱ्हाइकाचं काही चालत नाही

एक मुद्दा स्वदेशीवाल्यांचा अगदी बरोबर आहे, पण तो दुकानात सुटत नाही. गोव्यातल्या कारखान्यांत गोळ्या बनतात, पण त्या गोळीतलं मुख्य द्रव्य बऱ्याचदा चीनमधून येतं. भारत बाहेरून जी औषधी द्रव्यं घेतो, त्यातली सुमारे 70 टक्के किमतीची चीनची. 2020 च्या मार्चमध्ये तिकडचा पुरवठा डळमळला तेव्हा सरकारला पॅरासिटामॉलसह 26 द्रव्यं आणि औषधांच्या निर्यातीवर बंधनं घालावी लागली. त्यानंतर अशी द्रव्यं देशात बनवण्यासाठी 6,940 कोटींची योजना आली. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ धातूंच्या चुंबकांवर बंधनं आणली आणि आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली.

अशा ठिकाणी महाग पडलं तरी थोडं घरचं असावं, हे मला मान्य आहे. तो विम्याचा हप्ता आहे. पण तो मी औषधाच्या दुकानात उभा राहून भरू शकत नाही. तापाच्या गोळीच्या पट्टीवर आतल्या द्रव्याचा मूळ देश लिहिलेला नसतो. हे काम सरकारचं आणि कारखानदारांचं. दिव्यांच्या माळेवर देशप्रेम दाखवून ती भरपाई होत नाही, कारण माळा उद्या बंद झाल्या तर आपण पणत्या लावू.

मग मी जादाचे पैसे कुठे देतो? देतो, काही ठिकाणी अगदी न कुरकुरता देतो. काणकोणची खोला मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. तिला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती ब्याडगीहून महाग, आणि रंगाला ब्याडगीही काही कमी नाही. इथं परदेश म्हणजे हावेरी जिल्हा, हे लक्षात घ्या. तरी आम्ही दोन किलो घेतोच. माशाच्या हुमणाला ती चव लागते हे एक, आणि दुसरं असं की चार वर्षं कुणी घेतली नाही तर बी ठेवणारं घर बी ठेवणं सोडेल. गेलेलं बियाणं पाचव्या वर्षी जास्त पैसे देऊन परत मिळत नाही. माळेचा कारखाना बंद पडला तर दुसरा उघडतो.

मूर्तीचंही तसंच. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीवर गोव्यात बंदी आहे, आणि चिकणमातीच्या मूर्ती करणाऱ्यांना सरकार मूर्तीमागे थोडी मदतही देतं. तरी पेण-कोल्हापूरकडच्या मूर्ती येतात, दिसायला जास्त सफाईदार आणि भावाला हलक्या. आमची मूर्ती गावच्या चित्रशाळेतली. नाक दरवर्षी किंचित डावीकडे असतं. पण तिथं बुवाच्या हाताखाली त्याचा पुतण्या दोन वर्षांपासून डोळे लिहायला शिकतोय, आणि पहिल्या वर्षीचे डोळे नि आताचे डोळे यातला फरक मला दिसतो. त्या फीची पावती मी दरवर्षी पाटावर बसवून घरी आणतो.

त्या शुक्रवारी आम्ही चिनी माळ घेतली. भाऊ वाटभर गप्प होता, मग म्हणाला की पुढच्या वर्षी तिरंगी पट्टीवाल्याने एक वर्षाची हमी दिली तर तो तीच घेणार. मला ते रास्त वाटलं.

परतताना चित्रशाळेत डोकावलो. बुवा शेवटच्या मूर्तींना रंग देत बसले होते, डोक्यावर चिमट्याचा एक छोटा पांढरा दिवा, वायर पायाने गोल करून बाजूला सारलेली. दिव्याच्या बुडाला चिनी अक्षरं होती. त्यांनी ब्रश न थांबवता आमच्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "कितल्याक मेळ्ळी ही माळ?"